पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेज पाहून या

जून महिन्यात एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत एकच उद्योग सुरू होतो. मागच्या वर्षीच्या कट-ऑफच्या याद्या उघडल्या जातात. जी-ओपन-एस, जी-ओपन-एच, एल-ओपन-एच अशा संकेतांची फोड होते. पुण्यात शिकणाऱ्या मामेभावाला फोन जातो, क्लासच्या सरांना विचारलं जातं, आणि पर्सेंटाइलशी कॉलेजांची नावं जुळवत रात्री उशिरापर्यंत वहीची पानं भरतात. एवढ्या खटाटोपात एक गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. ज्या कॉलेजात मुलगा किंवा मुलगी चार वर्षं काढणार, ते घरातल्या कुणीच पाहिलेलं नसतं.

एके काळी त्याची फारशी गरजही नव्हती. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं. त्याआधी राज्यात मोजकीच नावं होती : पुण्याचं १८५४ पासूनचं सीओईपी, मुंबईचं १८८७ चं व्हीजेटीआय, सांगलीचं १९४७ चं वालचंद, आणि मग कराड, औरंगाबाद, अमरावतीची शासकीय कॉलेजं. नंबर लागला की वळकटी बांधायची आणि निघायचं. आज राज्यात अभियांत्रिकीची तीनशेहून जास्त कॉलेजं आहेत. त्यांच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण माहितीपत्रकं पाहिली तर सगळी एकसारखी. तेच हिरवळीचे फोटो, तेच हसणारे विद्यार्थी, तीच ‘शंभर टक्के प्लेसमेंट’.

कॉलेज प्रत्यक्ष पाहणं आता इतकं महत्त्वाचं का झालं, हे समजण्यासाठी आधी प्रवेशाची यंत्रणा समजून घ्यावी लागते. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, विद्यार्थी कॉलेज आणि ब्रँच अशा जोड्या आपल्या आवडीच्या क्रमाने भरतो. गुणवत्ता यादीत ज्याचा नंबर वर, त्याचा अर्ज आधी पाहिला जातो. त्याची यादी वरून खाली तपासत येताना जी पहिली जागा शिल्लक असेल ती त्याला मिळते. म्हणून ‘आपल्याला काही ते मिळायचं नाही’ असं म्हणून आवडीचं नाव गाळण्यात काहीही शहाणपण नाही. ते मिळालं नाही, तरी खालच्या नावावरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. धोका उलट बाजूने आहे. मनापासून नको असलेलं नाव कुणीतरी सांगितलं म्हणून वर टाकलं, तर तेच पदरात पडतं.

२०२५-२६ च्या प्रवेशांपासून हा धोका वाढला आहे. त्या वर्षी फेऱ्या तीनच्या चार झाल्या आणि जागा आपोआप ‘फ्रीझ’ होण्याचे नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी एखादी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादी मिळाली, तर तिथेच प्रवेश घ्यायचा. नाकारली तर पुढच्या फेऱ्यांची दारं बंद. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचायलाच हवी. पण रोख स्पष्ट आहे. वरची सहा नावं अशी हवीत की त्यांतलं कुठलंही मिळालं तरी घरात कुणी तोंड पाडून बसणार नाही. सगळी कॉलेजं पाहत हिंडण्याची गरज नाही. या सहा जोड्यांत जी तीन-चार कॉलेजं येण्याची शक्यता आहे, तेवढी पाहिली तरी पुष्कळ झालं.

पण कधी जायचं? बरेच पालक निकालानंतर, जून-जुलैत जातात, आणि ती वेळ पाहण्यासाठी सगळ्यांत वाईट. परीक्षा संपलेल्या असतात किंवा संपत आलेल्या असतात, वर्ग रिकामे, प्रयोगशाळांना कुलपं. फाटकापाशी स्वागताचा फलक, आत प्रवेश कक्ष, खुर्च्यांवर गणवेशातले समुपदेशक आणि भिंतभर निवड झालेल्यांचे फोटो. त्या दिवसांत कॉलेज दाखवण्यासाठी सजलेलं असतं. ते चालताना पाहायचं तर मुलगा अकरावीत असताना जानेवारी ते मार्चमध्ये, किंवा बारावीच्या सुरुवातीला, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान जावं. शनिवार नको, सणाच्या आगेमागे नको. मंगळवार किंवा बुधवार, सकाळी साडेदहा ते दुपारी तीन. ‘तेव्हा अभ्यास बुडेल’ ही तक्रार येते, पण बारावीचा एक दिवस बुडाला तर तो भरून निघतो.

आदल्या दिवशी ऑफिसला फोन करून विचारावं. विभागप्रमुखांना भेटून प्रयोगशाळा पाहायची आहे, असं सरळ सांगावं. बहुतेक ठिकाणी परवानगी मिळते. जिथे प्रवेशाचा अर्ज लगेच हातात ठेवतात पण लॅब दाखवायला टाळाटाळ करतात, तिथलं उत्तर तिथेच मिळालं असं समजावं.

आत गेल्यावर इमारतीकडे पाहू नये. काचेची दर्शनी बाजू आणि संगमरवरी जिना यांचा शिकण्याशी संबंध नाही, आणि काही जुन्या शासकीय कॉलेजांच्या पोपडे उडालेल्या भिंतींआड राज्यातली उत्तम माणसं शिकून बाहेर पडली आहेत. पाहायची आहे ती वापराची खूण. मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीनच्या खालच्या ट्रेमध्ये लोखंडाचा ताजा कीस पडलेला आहे का, तेलाचा वास येतो का, की मशीनवर प्लास्टिकचं आवरण आणि आवरणावर धुळीचा थर? इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये बेंचावरचे सीआरओ चालू आहेत की निम्म्यांवर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी? कॉम्प्युटर लॅबमध्ये एका बॅचला जितकी मुलं, तितकी चालू मशीन आहेत का? एखाद्या मुलाच्या हातातलं जर्नल पाहायला मागावं. त्यातली रीडिंग स्वतः घेतलेली असतात, की वरच्या वर्गाच्या जर्नलवरून उतरवलेली, हे विचारलं तर मुलं हसून खरं सांगतात. अभियंता घडतो तो या प्रात्यक्षिकांच्या तासांत.

ग्रंथालयात शिरून मुलाला एक काम द्यावं. त्याच्या आवडीच्या ब्रँचचं एखादं नेहमीचं पाठ्यपुस्तक शोधायला सांगावं आणि शेवटच्या पानावर चिकटवलेली परतीच्या तारखांची चिठ्ठी पाहावी. शिक्का या सत्रातला आहे की चार वर्षांपूर्वीचा? आता बऱ्याच ठिकाणी बारकोड आले, तिथे चिठ्ठी नसते. मग वाचनकक्षात किती खुर्च्या भरलेल्या आहेत ते पाहावं.

विभागाच्या नोटीस बोर्डासमोर दहा मिनिटं उभं राहिलं तर माहितीपत्रकात नसलेलं बरंच कळतं. वेळापत्रकात शिक्षकांची नावं लिहिलेली आहेत की जागा मोकळ्या आहेत? हजेरी कमी असलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट किती लांब आहे? ती दोन पानं भरून असेल, तर मुलं वर्गात का बसत नाहीत हा प्रश्न पडायलाच हवा. पाहुण्या वक्त्याच्या व्याख्यानाची शेवटची सूचना कधीची आहे? मागच्या बाजूला बाजा स्पर्धेची गाडी किंवा रोबोकॉन स्पर्धेचा रोबो बनवणाऱ्या मुलांची शेड असते, ती आवर्जून पाहावी. अशा शेडमध्ये रात्री जागणारी मुलं एकमेकांकडून जे शिकतात ते कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं. सीओईपीची मुलं मुळा नदीत बोटी वल्हवतात, त्यांची रेगाटा १९२८ पासून चालत आली आहे. कट-ऑफच्या यादीत यातलं काही दिसत नाही, पण सतरा वर्षांच्या मुलाला ‘मला इथे यायचंय’ असं वाटायला लावणारं हेच असतं, आणि त्या वाटण्याला किंमत आहे.

स्वच्छतागृहं पाहावीत, विशेषतः मुलींची, आणि तीही तळमजल्यावरची पाहुण्यांसाठीची सोडून वरच्या मजल्यावरची. हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. दिवसाचे सात-आठ तास जिथे काढायचे, तिथे पाणी आणि स्वच्छता नसेल तर मुली दिवसभर पाणी प्यायचं टाळतात आणि आजारी पडतात.

यानंतर माणसांशी बोलणं. कार्यालयाने सोबत दिलेला हुशार, नीटनेटका विद्यार्थी चांगलाच असतो, पण तो त्यांनी निवडलेला असतो. दुपारी एकच्या सुमाराला कॅन्टीनमध्ये जाऊन बसावं. दुसऱ्या वर्षाची मुलं गाठावीत. पहिल्या वर्षाच्या मुलांना अजून पुरतं कळलेलं नसतं आणि शेवटच्या वर्षाची नोकरीच्या विवंचनेत असतात. ‘कॉलेज कसं आहे?’ असं विचारलं तर ‘छान आहे’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारावं : काल किती तास झाले आणि किती बुडाले? या सत्रात मध्येच शिक्षक बदलले का? केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर कोण मदत करतं? परीक्षा कॉलेज घेतं की विद्यापीठ, आणि मागचा निकाल किती दिवसांनी लागला? हॉस्टेल पहिल्या वर्षीच मिळतं की दुसऱ्या वर्षी बाहेर खोली शोधावी लागते? मेसमध्ये रविवारी रात्री जेवण असतं का? हे प्रश्न मुलाने किंवा मुलीने विचारावेत. आईबाबांनी त्या वेळी चार टेबलं सोडून चहा घ्यावा.

आपल्याकडची मुख्य अडचण इथेच आहे. विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये शिरलं की वडील बोलायला लागतात, ‘तो जरा लाजाळू आहे हो’ अशी आई पुस्ती जोडते, आणि ज्याला शिकायचंय तो भिंतीवरचं घड्याळ पाहत बसतो. बाहेर पडताच रिक्षात बसायच्या आत निकालही लागतो : ‘काही दम नाही’ किंवा ‘हेच फायनल’. मग मुलगा स्वतःचं मत बनवणार कधी? मला वाटतं, कामं वाटून घ्यावीत. वर्ग, लॅब, मुलं, मैदान, क्लब हे मुलाने पाहावं. फी, हॉस्टेल, येण्याजाण्याची सोय, सुरक्षितता हे पालकांनी. आणि परतीच्या प्रवासात आधी बोलायचं ते मुलानेच. ‘तुला तिथे कुठे बसावंसं वाटलं?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी पोरं भडाभडा बोलतात.

पालकांचा वाटा कमी नाही. त्यातला बराचसा घरी बसून, भेटीच्या आधीच करता येतो. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजाने तिथे दिलेली माहिती आपल्या वेबसाइटवर ठेवायची असते. क्रमांक राहू द्या बाजूला, ती माहिती उघडा. तिच्यात चार वर्षांच्या पदवीला किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढच्या शिक्षणाला गेले आणि पगाराचा मध्यक किती, हे वर्षवार दिलेलं असतं. मध्यक म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधला. दहा जणांपैकी नऊ जणांना ४ लाख आणि एकाला ४४ लाख मिळाले, तर सरासरी ८ लाख निघते आणि फलकावर ती झळकते. मध्यक मात्र ४ लाखच. आपल्या मुलाला काय मिळण्याची शक्यता आहे, ते मध्यक सांगतो. हा आकडा सगळ्या ब्रँच मिळून असतो, म्हणून आपल्या ब्रँचचा वेगळा विचारून घ्यावा.

प्लेसमेंटच्या टक्केवारीत छेद काय धरलाय, हेही विचारायचं. ३०० मुलांपैकी केटी नसलेली २०० ‘पात्र’ धरली आणि १६० जणांना नोकरी लागली, तर ८० टक्के होतात. ३०० मधून मोजले तर ५३. एका मुलाला दोन ऑफर आल्या तर तो एकदा मोजला की दोनदा, हाही प्रश्न विचारण्यासारखा. प्लेसमेंट अधिकारी नीट उत्तर देणारे असतील तर त्यांना या प्रश्नांचा राग येत नाही.

शिक्षकांचं गणितही सोपं आहे. तंत्रशिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईच्या निकषाप्रमाणे अभियांत्रिकीत २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा, आणि प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, सहायक प्राध्यापक यांचं प्रमाण १:२:६ असावं. एखाद्या ब्रँचला दरवर्षी १८० जागा असतील तर चार वर्षांचे ७२० विद्यार्थी, म्हणजे ३६ शिक्षक, त्यांत ४ प्राध्यापक. आता वेबसाइटवरची यादी मोजा आणि त्यांतले किती जण गेल्या वर्षभरातच रुजू झालेत ते पाहा. कॉम्प्युटर आणि एआयच्या ब्रँचबाबत तर हे पाहायलाच हवं. २०२४ पासून एआयसीटीईने एका ब्रँचच्या जागांवरची कमाल मर्यादा काढली आणि मागणीच्या ब्रँचमध्ये जागा झपाट्याने वाढल्या. जागा वाढवायला एक मंजुरी पुरते, चांगला शिक्षक मिळायला वर्षं लागतात. ‘जागा वाढल्या तेव्हा शिक्षक किती वाढले?’ हा प्रश्न विभागप्रमुखांना अदबीने, पण नक्की विचारावा.

नॅकची श्रेणी सबंध संस्थेला असते, एनबीएचं मानांकन एकेका ब्रँचला. आपल्याला दुसरं जास्त उपयोगी, आणि त्याची मुदत संपली नाही ना, तेही पाहावं. श्रेणीवर डोळे झाकून विसंबू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या एका तपासणी समितीच्या सदस्यांनाच लाचखोरीच्या प्रकरणात सीबीआयने अटक केली होती.

पैशाची बाब स्पष्ट बोलून घ्यावी, आणि मुलासमोर बोलावी. खासगी कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती प्राधिकरणाच्या वेबसाइटवर पाहता येते. तिच्यात हॉस्टेल, मेस, बस, अनामत मिळवली की खरा वर्षाचा आकडा निघतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नव्हे. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, जागांवर मुलगा असो वा मुलगी, शिक्षण शुल्क माफ होतं. या सवलती धरून हिशेब केला तर महाग वाटणारं कॉलेज कधीकधी आवाक्यात येतं. पावतीशिवाय पैसे मागणारा कुणी भेटला, तर तिथून उठावं. कॅपिटेशन फी घेणं १९८७ च्या कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे.

रोजचा प्रवास नकाशावर मोजू नये. बदलापूरहून माटुंग्याला जायचं असेल तर सकाळच्या गर्दीच्याच लोकलने मुलाला घेऊन जावं आणि संध्याकाळी गर्दीतच परतावं. माटुंग्यात व्हीजेटीआय आणि आयसीटी एका दिवसात चालत पाहून होतात. काही कॉलेजं मात्र शहराच्या गजबजाटापासून लांब आहेत : नांदेडचं एसजीजीएस विष्णुपुरीत, बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ रायगडमधल्या लोणेऱ्याला. शहरात वाढलेल्या मुलाने आधी जाऊन तिथली संध्याकाळ पाहावी, मग ठरवावं. एखाद्याला ती शांतता मानवते, एखाद्याला खायला उठते.

भेटीची संध्याकाळ संपायच्या आत मुलाने एक पान लिहून ठेवावं. दोन आठवड्यांनी सगळी कॉलेजं डोक्यात एकमेकांत मिसळून जातात. तुलना करताना गुणांचा तक्ता करून शंभरपैकी गुण देण्याची पद्धत काही जण सांगतात. मला ती पटत नाही. मेसला सात आणि लॅबला सहा गुण देऊन आलेली बेरीज नेमकी दिसते, पण तिच्यात तथ्य नसतं. त्यापेक्षा दोन-दोन जोड्या समोर ठेवाव्यात. सांगलीचं मेकॅनिकल आणि पुण्यातल्या अमुक कॉलेजचं कॉम्प्युटर, दोन्ही हातात आली तर कुठलं घेशील? का? मग जिंकलेली जोडी पुढच्या जोडीसमोर. असं करत गेलं की पसंतीक्रम आपोआप उभा राहतो, कारण फॉर्मला नेमका हाच क्रम हवा असतो. दोन जोड्यांवर आईबाबांचं आणि मुलाचं एकमत होत नसेल, तर वाद त्या दोन जोड्यांपुरताच राहतो, सगळ्या भविष्याचा होत नाही.

प्रत्येकाला जाणं जमत नाही, याची जाणीव आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारहून पुण्याला जायचं तर एसटीचं भाडं, मुक्काम, बुडालेली मजुरी, सगळं आलं. अशा घरांनी आपल्या तालुक्यातून त्या कॉलेजात गेलेला विद्यार्थी शोधावा. कनिष्ठ महाविद्यालयातले शिक्षक असा धागा जोडून देऊ शकतात. त्याला व्हिडिओ कॉलवर हॉस्टेलची खोली, मेस आणि लॅब दाखवायला सांगावं, वरचे सगळे प्रश्न विचारावेत. त्यालाही पहिल्या वर्षी कुणीतरी सांगायला हवं होतं, त्यामुळे तो टाळत नाही.

कॉलेजांच्या प्राचार्यांना एक विनंती आहे. सप्टेंबरमधला एखादा कामाचा दिवस अकरावी-बारावीच्या मुलांसाठी खुला ठेवा, लॅब चालू ठेवा आणि मुलांना तुमच्या विद्यार्थ्यांबरोबर मोकळं हिंडू द्या. आणि ज्यांचं मूल सध्या अकरावीत आहे किंवा बारावीची सुरुवात करतंय, त्यांनी जूनची वाट पाहू नये. याच सत्रातला एक मंगळवार निवडा, रजा टाका, मुलाला पुढे चालू द्या.